रजिस्ट्री व्हॅल्यू कमांडने पुसणे

विंडोजच्या रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोज व त्यावरील प्रोग्राम आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतात त्या भांडारातील, एखादी नोंद रजिस्ट्री एडिटर न उघडता, कमांड प्रॉम्प्ट, बॅच फाइल (ओळीने चालणाऱ्या कमांडांची फाइल) किंवा पॉवरशेल या विंडोजच्या कमांड-साधनातून काढून टाकण्याची क्रिया. एकाच संगणकावर एकदाच काम असेल तर माउस पुरतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत चाळीस यंत्रे समोर असतील, तर स्क्रिप्टच लिहावी लागते.

रजिस्ट्री १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये मर्यादित स्वरूपात आली आणि विंडोज एनटी व विंडोज ९५ मध्ये तिने विखुरलेल्या आयएनआय फाइलींची (सेटिंग्जच्या साध्या मजकूर फाइलींची) जागा बरीचशी घेतली. तिच्यात ‘की’ म्हणजे फोल्डरसारखी जागा, आणि ‘व्हॅल्यू’ म्हणजे त्या जागेतील नाव, प्रकार व डेटा असलेली नोंद. बोलताना दोहोंना सर्रास ‘की’ म्हटले जाते. पुसण्याच्या कामातले बहुतेक घोटाळे या सैल बोलण्यातूनच होतात.

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातले एखादे डीटीपीचे दुकान धरू. तिथल्या संगणकावर इंग्रजी, मराठी आणि कधीतरी चुकून जोडलेला तिसरा कीबोर्ड आहे. ऑल्ट-शिफ्ट दाबले की मराठीच्या आधी तो नको असलेला कीबोर्ड मध्ये येतो आणि जोडाक्षराच्या जागी भलतेच उमटते. हे कीबोर्ड ‘एचकेसीयू’ (चालू वापरकर्त्याच्या नोंदींची) शाखेतील ‘कीबोर्ड लेआउट\प्रीलोड’ या कीमध्ये नोंदलेले असतात. व्हॅल्यूंची नावे नुसती १, २, ३; डेटा म्हणजे कीबोर्डचा आठ अंकी सांकेतिक क्रमांक. अमेरिकी इंग्रजीचा ०००००४०९, मराठीचा ०००००४४ई. तिसरी नोंद काढण्याची कमांड अशी (प्रत्यक्षात रोमन अक्षरांत टंकायची):

रेग डिलीट "एचकेसीयू\कीबोर्ड लेआउट\प्रीलोड" /व्ही ३ /एफ

मार्गात मोकळी जागा असल्याने अवतरणचिन्हे हवीतच. ‘/व्ही’नंतर व्हॅल्यूचे नाव येते. ‘/एफ’मुळे ‘खरेच पुसू का?’ हा प्रश्न टळतो. ‘/एफ’ नसेल तर रात्री लावून ठेवलेली स्क्रिप्ट सकाळपर्यंत उत्तराची वाट पाहत बसते. बदल दिसण्यासाठी लॉग-ऑफ करून पुन्हा लॉग-इन करावे. हे काम सेटिंग्जमधूनही होते, आणि एकट्यादुकट्या यंत्रावर तोच मार्ग बरा.

आता याच ओळीतून ‘/व्ही ३’ गाळून पाहा. कमांड तरीही चालते, पण ‘प्रीलोड’ ही अख्खी कीच जाते. मार्ग ‘कीबोर्ड लेआउट’पाशीच तोडला, तर भाषा बदलण्याच्या बटणांची जोडी ठरवणारी ‘टॉगल’ आणि तिच्या शेजारची ‘सबस्टिट्यूट्स’ याही जातात. वाड्यातल्या एका खोलीचा दिवा काढायला सांगावे आणि गड्याने खोलीच पाडावी, तसे. ‘/व्हीए’ हा मधला प्रकार: कीमधल्या सगळ्या व्हॅल्यू जातात, पण की व तिच्या उपकी राहतात. बिननावाची डीफॉल्ट व्हॅल्यू ‘/व्हीई’ने पुसतात.

व्हीबीस्क्रिप्ट या विंडोजच्या जुन्या स्क्रिप्ट-भाषेत की आणि व्हॅल्यू यांतला हा फरक एका तिरक्या रेघेवर (\) अवलंबून असे: ‘रेगडिलीट’ला दिलेल्या मार्गाच्या शेवटी रेघ असली तर की, नसली तर व्हॅल्यू. पॉवरशेल येथे अधिक सुज्ञ आहे. व्हॅल्यूसाठी ‘रिमूव्ह-आयटमप्रॉपर्टी’, कीसाठी ‘रिमूव्ह-आयटम’, अशी दोन वेगळी नावे. शिवाय ‘-व्हॉटइफ’ जोडले की काहीही न पुसता, काय पुसले गेले असते एवढेच दिसते. डॉट-रेग फाइलीत (रजिस्ट्रीत आयात करायच्या मजकूर फाइलीत) व्हॅल्यूच्या नावापुढे बरोबरचे चिन्ह देऊन नुसती उणे खूण लिहितात.

‘एचकेसीयू’ म्हणजे कमांड चालवणाऱ्याची शाखा, समोर बसणाऱ्याची नव्हे. दुकानातल्या ऑपरेटरच्या खात्यात मालकाने स्वतःचा पासवर्ड देऊन ॲडमिन म्हणून स्क्रिप्ट चालवली, तर ती मालकाच्या खात्यातली नोंद पुसते. पडद्यावर काम फत्ते झाल्याचे येते आणि ऑपरेटरचा तिसरा कीबोर्ड तसाच राहतो. मालकाच्या खात्यात ती नोंदच नसेल, तर कमांड की किंवा व्हॅल्यू सापडत नसल्याची तक्रार करून १ हा अपयशाचा क्रमांक परत देते. आधीच पुसलेल्या यंत्रावर दुसऱ्यांदा चालवली तरी हेच घडते. म्हणून जाणते लोक आधी ‘रेग क्वेरी’ने नोंद आहे का ते पाहतात.

‘रेग डिलीट’ला ताऱ्याचे चिन्ह देऊन सारख्या नावांच्या व्हॅल्यू एकगठ्ठा पुसता येत नाहीत, त्यासाठी ‘रेग क्वेरी’चे उत्तर ‘फॉर’ फेऱ्यात (तीच कमांड पुन्हापुन्हा चालवणाऱ्या रचनेत) घालून एकेक नाव द्यावे लागते. बॅच फाइलीत फेऱ्याच्या चलाआधी टक्केचिन्ह दोनदा लिहायचे असते, जे नवशिका हमखास विसरतो.

पुसलेले परत आणणारे ‘अनडू’ येथे नाही. आधी ‘रेग एक्स्पोर्ट’ने कीची प्रत फाइलीत काढून ठेवावी. ती आयात केली की गेलेल्या व्हॅल्यू परत येतात. मात्र दरम्यान वाढलेल्या नव्या नोंदी आयातीने जात नाहीत, कारण आयात म्हणजे मिसळणे. संपूर्ण रजिस्ट्रीची ‘रेगबॅक’ फोल्डरातील स्वयंचलित प्रत विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून आपोआप तयार होत नाही. तिथे फाइली दिसतात, पण त्यांचा आकार शून्य असतो.