दीक्षावरचं तंत्रज्ञान प्रशिक्षण : सहावी ते आठवीच्या शिक्षकांचं प्रमाणपत्र नेमकं कुठे अडतं?

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आमच्या जुळे सोलापुरातल्या घराची बेल वाजली की बायको न विचारताच चहाचं आधण वाढवते. दारात कुणीतरी शिक्षक, हातात मोबाईल, काखेत फाईल. कधीकाळी 'तंत्रस्नेही शिक्षक' म्हणून यादीत माझं नाव लागलं, त्याचं हे व्याज. तक्रारही ठरलेली: "सर, कोर्स केला, पण प्रमाणपत्र येईना."

आजवर जितके मोबाईल पाहिले, त्यांत चाचणीत नापास झालेला शिक्षक क्वचितच भेटला. गाडी अडते ती नाव, बॅच आणि तारीख या तीन ठिकाणी. त्यामुळे तिथेच जास्त थांबतो, बाकीचं भराभर उरकतो.

वर्गात टीव्ही, प्रोजेक्टर, मोबाईल वापरून शिकवायचं प्रशिक्षण आपल्याकडे दोन वाटांनी येतं. एक ऑनलाइन, दीक्षावर, म्हणजे शिक्षणासाठीच्या केंद्र सरकारच्या ॲप आणि संकेतस्थळावर. दीक्षा २०१७ साली सुरू झालं. २०१९ मध्ये निष्ठा हे शिक्षकांसाठीचं देशव्यापी प्रशिक्षण प्रत्यक्ष सुरू झालं आणि कोविडमुळे २०२० मध्ये तेही दीक्षावर आलं. अध्यापन आणि मूल्यमापनात आयसीटी, म्हणजे माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान, कशी वापरायची, याचा त्यात वेगळा भाग आहे. दुसरी वाट प्रत्यक्ष प्रशिक्षणाची: पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून आपल्या वेळापूरच्या डायटकडे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे), तिथून गटशिक्षणाधिकारी, मग केंद्रप्रमुख, आणि शेवटी मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, बहुतेक वेळा मुदतीच्या आदल्या रात्री.

पात्रता

जिल्हा परिषद, महापालिका, नगरपरिषद, अनुदानित, अंशतः अनुदानित, विनाअनुदानित, सगळ्या शाळांचे शिक्षक दीक्षावर कोर्स करू शकतात. शुल्क एक पैसाही नाही. कुणी लिंक पाठवून पैसे मागत असेल तर ती लिंक उघडू नका. आश्रमशाळेतल्या शिक्षकांनी मात्र जरा जागं राहावं. तुमचा विभाग वेगळा असल्यामुळे शिक्षण विभागाचं पत्र तुमच्यापर्यंत उशिरा येतं, कधी येतच नाही. शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतल्या एखाद्या गुरुजींशी ओळख ठेवा.

गोंधळ होतो तो स्तराचा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवी म्हणजे उच्च प्राथमिक. आपल्याकडे मात्र कुठे सातवीपर्यंतची शाळा, तर कुठे आठवी हायस्कूलला जोडलेली. निष्ठाचा पहिला टप्पा पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी होता, २.० नववी ते बारावीसाठी आणि ३.० पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी. हायस्कूलमधले सर आठवीलाही शिकवतात आणि नववीलाही. मग ते दोन्हीकडे नाव घालतात आणि दोन्ही अर्धवट सोडतात. तुम्ही कोणत्या स्तराचे, हे मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या आणि एकच कोर्स धरा.

आणखी एक खुलासा, कारण हा प्रश्न दर रविवारी येतोच. हे प्रमाणपत्र एमएस-सीआयटीची जागा घेत नाही. १२ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतरचं वरिष्ठ वेतनश्रेणी आणि निवडश्रेणीचं प्रशिक्षणही वेगळं. त्याला २००० रुपये शुल्क घेतलं गेलं आहे. तिन्हींचे कागद एकाच फाईलमध्ये ठेवू नका, कार्यालयात नेमका चुकीचा कागद पुढे जातो.

बसण्याआधी एवढं समोर ठेवा

शालार्थ आयडी (शिक्षकांच्या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला क्रमांक), शाळेचा यूडायस क्रमांक (शाळेचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक), आधार, स्वतःचा मोबाईल क्रमांक आणि स्वतःचा ईमेल.

यूडायस क्रमांक ११ अंकी असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या शाळेचा क्रमांक २७३० नेच सुरू व्हायला हवा. नसेल तर तुम्ही दुसरंच काहीतरी लिहिलंय. हायस्कूलचे शिक्षक हमखास बोर्डाचा सांकेतांक टाकतात.

शालार्थ आयडी पगारपत्रकावर मिळतो. त्यात इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात, त्यामुळे शून्याच्या जागी 'ओ' पडतो. इथवर ठीक. पण ज्यांचा पगार शालार्थमधून निघतच नाही, त्यांनी काय करायचं? स्वयंअर्थसहाय्यित शाळेतल्या शिक्षकाकडे हा आयडी नसतो, आणि अर्जात तो रकाना असतो. कुणी तिथे मोबाईल नंबर टाकतं, कुणी मुख्याध्यापकांचा आयडी. असं करू नका. शाळेच्या यूडायस प्लस लॉगिनमध्ये शिक्षकांची नोंद असते. मुख्याध्यापकांकडून त्यातला आपला तपशील काढून घ्या आणि आयडीबद्दल केंद्रप्रमुखांना लेखी विचारा. फॉर्म बनवणाऱ्याला विनाअनुदानित शाळाही जिल्ह्यात आहेत हे आठवत नाही, त्याला आपण काय करणार.

मोबाईल क्रमांकाचं एक उदाहरण सांगतो. मंगळवेढ्याकडचे एक गुरुजी, निवृत्तीला चार वर्षं राहिलेली. मोबाईलची काच तडकलेली, पासवर्ड खिशातल्या डायरीत लाल शाईनं लिहिलेला. लॉगिन केलं की ओटीपी जायचा पुण्यात शिकणाऱ्या मुलाकडे, कारण खातं त्यानं काढून दिलेलं. मुलगा वर्गात, फोन सायलेंटवर. तीन वेळा ओटीपीची वेळ टळली. शेवटी गुरुजींनी वैतागून स्वतःच्या नंबरवर दुसरं खातं काढलं, आणि झालं, अर्धा कोर्स एका खात्यावर आणि अर्धा दुसऱ्यावर. दीक्षात खाती एकत्र करायची सोय आहे, पण त्यालाही दोन्हीकडचं लॉगिन लागतं, म्हणजे पुन्हा पुण्याला फोन.

नाव

प्रमाणपत्रावर नाव येतं ते तुमच्या दीक्षा प्रोफाइलमधलं. आधारवरचं नाही, शालार्थमधलंही नाही. प्रोफाइलमध्ये जे असेल ते.

शहरातल्या एका बाईंचं प्रमाणपत्र मी डोळ्यांनी पाहिलंय. मुलीनं त्यांना गुगल खातं काढून दिलं होतं आणि नाव ठेवलं होतं 'स्वरा मम्मी'. बाईंनी त्याच खात्यानं दीक्षात प्रवेश केला. महिनाभर रात्री जागून सगळा कोर्स केला, सगळ्या चाचण्या पास. प्रमाणपत्र आलं: स्वरा मम्मी यांनी हा कोर्स यशस्वीरीत्या पूर्ण केला आहे. बाई हसत होत्या, पण डोळे भरलेले होते.

तेव्हा कोर्सला हात लावण्याआधी प्रोफाइल उघडा आणि नाव दुरुस्त करा. कोणतं नाव लिहायचं? सेवापुस्तकात आणि शालार्थमध्ये आहे तेच, त्याच क्रमानं, त्याच स्पेलिंगनं. इथे लग्न झालेल्या बाईंची फार ओढाताण होते. सेवापुस्तकात माहेरचं नाव, आधारला सासरचं. कुणीतरी सांगतं, राजपत्रात नाव बदलून आणा. विवाह नोंदणी प्रमाणपत्र पाहिजे म्हणतात, आणि वीस वर्षांपूर्वी लग्न झालेल्या कितीजणींकडे ते असतं? राजपत्राचं काम कधीतरी करायचंच आहे, करा. पण त्यासाठी हा कोर्स थांबवू नका. सेवापुस्तकात माहेरचं नाव असेल तर प्रोफाइलमध्येही माहेरचंच लिहा. नोंद सेवापुस्तकात व्हायची आहे, आधार कार्डावर नाही.

बॅच

बॅच म्हणजे ठरावीक तारखांमध्ये चालणारी कोर्सची तुकडी, आणि ती आपल्याच राज्याची हवी. दीक्षावर एकाच विषयाचे कोर्स वेगवेगळ्या राज्यांचे दिसतात. बहुधा नावाआधी राज्याची अक्षरं असतात, महाराष्ट्राची 'एमएच'. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या कन्नड शाळांमधले शिक्षक इथे हमखास फसतात. पडद्यावर कन्नडमधला कोर्स दिसतो, आनंदानं सामील होतात, आणि तो निघतो कर्नाटकचा. शिकायला तो उत्तमच आहे. पण आपल्या जिल्ह्याच्या यादीत तुमचं नाव 'अपूर्ण' म्हणून येणार आणि केंद्रप्रमुखांचा फोन येणार. पत्रात दिलेल्या लिंकवरूनच जा, शोधपट्टीत शोधू नका. प्रोफाइलमध्ये राज्य महाराष्ट्र आणि जिल्हा सोलापूर आहे ना, तेही पाहा.

तारीख, खरं तर तारखा

सगळ्यात जास्त माणसं इथे पडतात. बॅचला दोन तारखा असतात: नावनोंदणीची शेवटची आणि कोर्स संपण्याची. पत्रात दोन्ही असतात, एकाच वाक्यात, मध्ये फक्त स्वल्पविराम. वाचणाऱ्याच्या डोक्यात राहते ती दुसरी. "३१ पर्यंत आहे की अजून," म्हणून निवांत बसायचं आणि बाराला उघडलं तर सामील होण्याचं बटणच नाही, कारण नोंदणी दहालाच बंद झालेली.

याउलट काहीजण पहिल्याच दिवशी सामील होतात आणि निर्धास्त राहतात. बॅच संपल्यावरही व्हिडिओ दिसतात, म्हणून त्यांना वाटतं कोर्स चालू आहे. पाहता येतं, पण त्याची नोंद होत नाही. मुदत संपल्यावर पूर्ण केलेल्या कोर्सचं प्रमाणपत्र मिळत नाही, आणि त्यासाठी कुणाच्या हातापाया पडून उपयोगही नाही; तालुक्याच्या कार्यालयाकडे ते बटण नसतं.

पत्र आलं की दोन्ही तारखांना पेनानं गोल करा आणि त्याच दिवशी सामील व्हा. पाच मिनिटांचं काम आहे. आषाढीच्या आसपास तर विशेष. माळशिरस-पंढरपूरकडच्या पालखी मार्गावर शाळेत वारकऱ्यांचा मुक्काम असतो, मुख्याध्यापक पाणी आणि मांडवाच्या मागे, आणि तारीख निघून जाते.

कोर्स करताना

एखादी पीडीएफ उघडायची राहिली की आकडा नव्वदीत अडकून बसतो. प्रत्येक घटकासमोरची खूण बघत खाली जा. गावात रेंज नसते म्हणून डाउनलोड करून पाहिलं असेल, तर रेंजमध्ये आल्यावर कोर्सच्या मेन्यूतून प्रगती सिंक करा, नाहीतर सगळं मोबाईलमध्येच राहतं. निष्ठा २.० आणि ३.० च्या कोर्सना शेवटच्या चाचणीत ७० टक्के लागतात आणि संधी तीनच. दुसऱ्याकडून उत्तरं मागवून पहिली संधी उधळणारे पाहिलेत. प्रश्नांचा क्रम बदलतो आणि मागवलेली उत्तरं फुकट जातात. शिवाय, राग मानू नका, पण व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. लोकवर्गणीतून आलेला टीव्ही भरतकामाच्या कापडाखाली झाकलेला मी बऱ्याच शाळांत पाहिलाय. तो उघडायचा कसा आणि सातवीच्या विज्ञानाच्या तासाला नेमकी कोणती तीन मिनिटं दाखवायची, एवढं जरी या कोर्समधून हाती लागलं तरी पुष्कळ.

प्रत्यक्ष प्रशिक्षण असेल तर

मुख्याध्यापकांचा कार्यमुक्ती आदेश घेऊन जा आणि परत आल्यावर हजर अहवाल द्या. द्विशिक्षकी शाळेतून दोघांचीही नावं गेली असतील तर आधीच केंद्रप्रमुखांना सांगा, नाहीतर शाळेला कुलूप लागतं आणि जाब तुम्हालाच विचारला जातो. अक्कलकोटहून वेळापूर म्हणजे जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं; शेवटच्या दिवशी दुपारीच सगळ्यांचं लक्ष एसटीकडे लागतं आणि उपस्थिती प्रमाणपत्र न घेताच माणसं निघतात. नंतर ते मिळवायला दोन चकरा होतात. सहीशिक्का झालेलं प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय सभागृह सोडू नका. प्रवासभत्त्याच्या बिलालाही तेच लागतं.

सेवापुस्तकातली नोंद

प्रमाणपत्र कोर्स संपल्यासंपल्या येत नाही, काही दिवस थांबा. आलं की पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, मोबाईल बदलला की गॅलरी जाते. मग साधा अर्ज आणि सोबत प्रत, मुख्याध्यापकांमार्फत. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक घालून घ्या. पोच नसलेला अर्ज केलाच नाही असं समजतात.

एका कार्यालयात क्यूआर कोड असलेल्या प्रमाणपत्राच्या तीन साक्षांकित प्रती मागितल्या गेल्या. मी म्हटलं, कोड स्कॅन करा, खरं-खोटं लगेच कळेल. "स्कॅनर नाही," असं उत्तर आलं. बोलणाऱ्याच्या हातात स्मार्टफोन होता. क्यूआर कोडच्या कामासाठी ज्यांचं नाव झालं आणि ज्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, ते डिसले गुरुजी तेव्हा आपल्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले. असो. तीन प्रती साक्षांकित करून न्या, वाद घालू नका, त्यात तुमचीच रजा जाते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. म्हणून एका वहीत कोर्सचं नाव, तारखा, तास आणि प्रमाणपत्र क्रमांक लिहून ठेवा. उद्या कुणी एकत्रित तक्ता मागितला, आणि तो 'आजच सायंकाळी पाचपर्यंत' असाच मागितला जातो, तर शोधाशोध नको.

एवढं करूनही अडलं, तर रविवारी या. फक्त येताना ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, त्यालाही सोबत आणा.