गॅसला उगीच बदनाम केलंय

मे महिन्यात इंदूरला लग्नांचा नुसता धडाका असतो, बाहेर 42 डिग्री, आणि गार्डनमध्ये शिरलं की पहिला स्टॉल कोल्ड्रिंकचाच. तिथे चार वर्षांचं पोर ग्लास धरून उभं असतं आणि त्याच्या डोक्यावरून मोठ्यांची जुंपलेली असते. आजी म्हणते अगं देऊ नकोस, गॅस होईल, पोट फुगेल त्याचं. मामा म्हणतो पीने दो आई, एक ग्लास से क्या होता है. (आपण मराठी लोक भांडायला लागलो की हिंदीवर कधी घसरतो ते आपल्यालाच कळत नाही, असो.) माझ्या मते देऊ नकोस हा आजीचा निकाल बरोबर आहे, फक्त आरोपी चुकीचा पकडलाय. त्या ग्लासातली सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट म्हणजे तो गॅसच.

गॅस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आपण श्वासावाटे बाहेर सोडतो तोच. 1767 मध्ये जोसेफ प्रीस्टली नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाला लीड्सला एका बिअरच्या कारखान्याशेजारी राहताना तो पाण्यात विरघळवायची युक्ती सापडली आणि तिथून सोडावॉटर सुरू झालं. आज कोल्याच्या बाटलीत दाबाखाली बाटलीच्या आकाराच्या साडेतीन-चार पट गॅस कोंबलेला असतो, झाकण उघडल्यावर थोडा उडतो, थोडा ओतताना, उरलेला पोटात जाऊन ढेकर होऊन वर येतो. आधीच ॲसिडिटीचा त्रास असलेलं मूल असेल तर त्याला जड जाईल, पोट फुगल्यासारखं वाटून ते जेवणार नाही हेही खरं, पण यापलीकडे साध्या सोड्यानं काही बिघडत नाही.

आणि ती जिभेवरची झिणझिण, जिच्यासाठी पोरं एवढी वेडी होतात, ती बुडबुडे फुटून होते असं आपल्याला वाटतं ना, तर मुख्य कारण ते नाहीच. जिभेवरच्या आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर एक एन्झाइम (रासायनिक क्रिया झटपट घडवणारं प्रथिन) असतं, कार्बोनिक अनहायड्रेज, ते गॅसचं तिथल्या तिथे आम्ल करतं आणि आपल्याला झटका बसतो, हे 2009 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून नीट कळलं. लडाखला जाताना उंचीचा त्रास होऊ नये म्हणून जी डायमॉक्सची गोळी घेतात ती नेमकं हेच एन्झाइम बंद पाडते, म्हणून ती घेतलेल्या लोकांना तिथे कोल्ड्रिंक एकदम बेचव लागतं आणि ते बिचारे दुकानदाराशी भांडतात की बाटली जुनी दिलीस.

आता खरा आरोपी. कोल्यात 100 मिली मागे साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते, म्हणजे 250 मिलीच्या बाटलीत 26 ग्रॅमच्या आसपास, पाच-सहा चमचे. चार-पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 1350 कॅलरी लागतात, आणि डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, म्हणते की वरून घातलेल्या साखरेतून दहा टक्क्यांपेक्षा कमी कॅलरी याव्यात, पाच टक्क्यांच्या आत आल्या तर उत्तम. पाच टक्के म्हणजे 17 ग्रॅम. एका बाटलीनं ती हद्द केव्हाच ओलांडली, आणि त्या दिवशीची जिलबी, श्रीखंड, आइस्क्रीम अजून मोजलंच नाहीये.

पण साखर तर जिलबीतही असते, मग कोल्ड्रिंकवरच एवढा राग का? हा प्रश्न रास्त आहे आणि इथेच खरी मेख आहे. खाल्लेल्या कॅलरींची पोट नोंद ठेवतं, प्यायलेल्यांची नीट ठेवत नाही. अमेरिकेत 2000 मध्ये एक छोटा प्रयोग झाला, 15 मोठी माणसं, त्यांना चार आठवडे रोज 450 कॅलरीच्या जेलीच्या गोळ्या आणि नंतर चार आठवडे तेवढ्याच कॅलरीचा सोडा, काहींना उलट्या क्रमानं. गोळ्या खायच्या त्या दिवसांत लोकांनी आपसूक बाकीचं खाणं कमी केलं, सोड्याच्या दिवसांत मात्र नेहमीइतकंच जेवले, सोडा वर. आता 15 माणसांवरून फार मोठं काही म्हणता येत नाही हे मान्य, म्हणून नेदरलँड्समधला 2012 चा प्रयोग बघा, तो मला जास्त पटतो कारण तो मुलांवरच आहे. सुमारे पाच ते बारा वर्षांची 641 मुलं घेतली, सगळी आधीपासून गोड पेयं पिणारी. निम्म्यांना रोज 250 मिलीचा साखरेचा कॅन, निम्म्यांना तसाच दिसणारा, तसाच लागणारा बिनसाखरेचा, आणि कोणाला कुठला हे मुलांनाही माहीत नाही. दीड वर्षानंतर साखरवाल्या मुलांचं वजन सरासरी 7.37 किलोनं वाढलेलं, बिनसाखरेवाल्यांचं 6.35 किलोनं. रोजचा एक छोटा कॅन आणि एक किलोचा फरक! मामाचा एका ग्लासाचा मुद्दा लग्नापुरता ठीक आहे, पण मोठी बाटली घरच्या फ्रिजमध्ये आली की तो ग्लास रोजचाच होतो.

यावर लगेच कोणी म्हणेल मग डाएटवालं द्या. नको. डब्ल्यूएचओनं 2023 मध्ये सांगितलंय की वजन आटोक्यात ठेवायला कृत्रिम गोडवा वापरू नका, आणि मुलाच्या जिभेला प्रत्येक घोट गोडच हवा ही सवय लागायची ती लागतेच.

दातांचं प्रकरण वेगळं, तिथे साखर आणि आम्ल दोघं मिळून काम करतात. कोल्याचा पीएच (आम्ल मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) अडीचच्या आसपास असतो, फॉस्फोरिक ॲसिडमुळे, आणि दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, साधारण साडेपाचच्या खाली विरघळायला लागतं. पीएचचा एक आकडा म्हणजे दसपट, तेव्हा हा फरक हजार पटीचा झाला. लिंबाच्या चवीच्या पारदर्शक कोल्ड्रिंकला लोक साधं समजतात, त्यात सायट्रिक ॲसिड असतं, दाताला त्याचंही कौतुक नाही. दुधाच्या दातांवर इनॅमलचा थर पक्क्या दातांपेक्षा पातळ असतो. तरी किती प्यायलं यापेक्षा किती वेळ प्यायलं हे जास्त नडतं, कारण लाळ तोंडातलं आम्ल हळूहळू निपटवते पण तिला वेळ लागतो आणि पोर सिपरमधून दर पाच मिनिटांनी एक घोट घेत बसलं की तिला फुरसतच मिळत नाही. प्यायल्यावर लगेच ब्रशही करू नये, मऊ झालेलं इनॅमल घासलं जातं, पाण्यानं चूळ भरवली तरी बास.

हाडं ठिसूळ होतात म्हणतात त्यात थोडंफार तथ्य आहे, पण मुलांच्या बाबतीत मुख्य गोष्ट साधी आहे, कोल्ड्रिंक आलं की दुधाचा ग्लास मागे पडतो. आपली इंदुरी शिकंजी गोड असली तरी तिच्यात निदान दूध असतं.

कॅफिनचं मात्र कोणी नाव काढत नाही. चार वर्षांच्या मुलाला चहा द्यायला आपण नाही म्हणतो आणि कोला सहज देतो. 250 मिली कोल्यात साधारण 25 मिलीग्रॅम कॅफिन असतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या हिशोबानं मुलांना दिवसाला वजनाच्या किलोमागे 3 मिलीग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे 15 किलोच्या पोराला 45. एक बाटली हद्दीत, दोन बाहेर, आणि रात्री दहाला रिसेप्शनमध्ये प्यायल्यावर ते झोपणार कधी ते आईनं बघायचं. साखरेनं मुलं उधळतात ही समजूत मात्र सोडून द्या. 1995 मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला आणि तसं काही सापडलं नाही. पोरं लग्नात उधळतात कारण लग्न असतं.

इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना अशी पेयं नकोत असं सांगितलं आणि मला ते पूर्ण पटतं. त्यापुढच्यांना कधीतरी, लग्नाकार्यात, जेवणासोबत, एका बैठकीत संपवून. झिणझिणच हवी असेल तर साधा सोडा, लिंबू, मीठ आणि चिमूटभर साखर, लिंबू आंबटच आहे पण पाच चमचे साखर तरी वाचली.

एका बाबतीत मात्र कधीतरीसुद्धा नाही. उन्हाळ्यात पोराला जुलाब झाले की कोणी ना कोणी सांगतंच, थोडं कोल्ड्रिंक पाज, ताकद येईल. डब्ल्यूएचओच्या ओआरएसमध्ये, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्यात, लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं, कोल्यात लिटरला शंभर ग्रॅमच्या वर साखर आणि मीठ नावालाच. इतकं दाट गोड पाणी आतड्यात गेलं की ते अंगातलंच पाणी आतड्यात ओढून घेतं आणि जुलाब वाढतात. मेडिकलवर टेट्रापॅकमध्ये ओआरएस नावानं गोड पेयं मिळायची त्यांचाही हाच घोळ होता, हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष कित्येक वर्षं त्यावर भांडल्या आणि ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं, ते नाव वापरायला बंदी घातली. तेव्हा साधी पावडरची पुडी आणा, मागे डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय ना बघा, आणि पुडीवर जेवढं पाणी सांगितलंय तेवढ्यातच, अख्खी पुडी एकदम, कालवा.