सातपुड्याचा साग आणि पानखाऊ अळी: उन्हाळ्याशी जुने नाते

उन्हाळा जितका कडक, तितकी झाडांवर कीड जास्त, असे युरोपातल्या जंगलांकडे बोट दाखवून म्हटले जाते. सागाचे तसे नाही. आखाजीच्या सुमारास यावल-तोरणमाळकडचा सातपुडा पाहिला, तर साग बहुतेक उघडाबोडका दिसतो. खाली खानदेशात पारा ४४-४५ अंशांवर आणि झाडावर पान नाही. पान नाही म्हणजे पानखाऊ अळीला खाणेही नाही.

युरोपातल्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे याच्या नेमके उलट आहे. सालीखाली शिरणाऱ्या भुंगेऱ्याला ते सदाहरित झाड राळ सोडून अडवते. २०१८सारखा कोरडा, तापलेला उन्हाळा आला की राळ कमी पडते. शिवाय उष्णतेने भुंगेऱ्याची वाढ भराभर होऊन सखल भागात दोनाच्या तीन पिढ्या निघतात. तिकडचा हिशेब सागाला लावण्यात अर्थ नाही.

सागाचे सारे गणित पालवीचे. वळीव पडून पालवी फुटली की हायब्लिया प्युएरा हा पानखाऊ अळीचा पतंग कोवळ्या पानांवर एकेक करून अंडी घालतो. एक मादी शेकड्यांनी घालते. अंडी दोनेक दिवसांत फुटतात. जरा मोठी झालेली अळी पानाची कड कापून दुमडते, त्या घडीत राहते आणि जाड शिरा तेवढ्या शिल्लक ठेवते. अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण तीन आठवडे. निबर पान तिला रुचत नाही. पण पालवी पुढेमागे फुटत राहिली, तर पुढच्या पिढीचीही सोय होते.

त्रावणकोरात या किडीची नोंद १८९८ची. डेहराडूनची वनसंशोधन संस्था १९०६ची. तिथले कीटकतज्ज्ञ बीसन यांचा भर निव्वळ सागाऐवजी मिश्र जंगल राखण्यावर होता. तरी १९६५ साली केरळात कोन्नीच्या सागावर विमानातून एन्ड्रिन फवारले गेले, माशांना जहाल असलेले विष! पुढे केरळ वनसंशोधन संस्थेने निलंबूरच्या कोवळ्या लागवडीत मोजले, तेव्हा या अळीमुळे लाकडाची संभाव्य वाढ ४४ टक्क्यांनी घटलेली निघाली. तिथेच अळीला मारणाऱ्या विषाणूवरही काम झाले.

पावसाळा सरताना दिसणारी पानांची जाळी दुसऱ्याच अळीची, युटेक्टोना मॅकेरॅलिसची. डोंगर करपल्यासारखा दिसतो, ओरड तेव्हाच होते. पण पानांचे बहुतेक काम तोवर उरकलेले असते. नजर ठेवायची ती पालवीनंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत: दुमडलेल्या कडा, झाडाखाली बारीक काळपट विष्ठा, आणि एक-दीड हेक्टरचे सुटे पट्टे. साथ सुरू होते ती अशाच पट्ट्यांतून.