सरकारी वकिलाच्या कचेरीतला लघुलेखक : कोल्हापुरातील एका पदाची पार्श्वभूमी

18 ऑगस्ट 2025 रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे, म्हणजे मुख्य पीठाबाहेर भरणाऱ्या पीठाचे, कामकाज सुरू झाले. आदल्या दिवशी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झाले, सीपीआर रुग्णालयासमोरची जुनी न्यायालयाची इमारत पुन्हा गजबजली आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांचे मुंबईचे हेलपाटे कमी झाले. वकिलांनी चार दशके नेटाने चालवलेल्या मागणीविषयी त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले आणि ते रास्तच होते. मात्र बेंच आले म्हणजे शासनाची बाजू मांडणारे सरकारी वकील आले आणि त्यांच्यापाठोपाठ त्यांचा प्रत्येक कागद तयार करणारा लघुलेखक आला, याची दखल फारशी घेतली गेली नाही. कचेरीत ज्याला सगळे 'स्टेनो' म्हणतात, त्या माणसाच्या कामाला या शहरात बराच जुना इतिहास आहे.

करवीर (म्हणजे कोल्हापूर) संस्थानात हे काम चिटणीस आणि कारकून करीत. लिपी मोडी, हातात बोरू आणि लेखन शक्यतो हात न उचलता. भराभर लिहिता यावे हाच मोडीचा मुख्य गुण असल्यामुळे कारकुनाला वेगळ्या लघुलिपीची गरज भासत नव्हती. कोल्हापूरच्या पुरालेखागारातील दप्तरे पाहिली तर हुकूम, जबान्या, निवाडे आणि जमिनीच्या तक्रारी यांचा केवढा पसारा या हातांनी सांभाळला होता, याची कल्पना येते. हे काम पिढीजात शिकले जाई, त्यामुळे ते ठरावीक घरांतच राहिले होते. राजर्षी शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 च्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या आणि पुढे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील व्यक्तींना वकिलीच्या सनदाही दिल्या. या निर्णयांची चर्चा सहसा शिक्षण आणि राजकारण यांच्या अंगाने होते. त्यांचा एक परिणाम कचेरीच्या टेबलावरही झाला : सरकारी कागद कोणाच्या हातून लिहिला जाणार, हा प्रश्न प्रथमच जन्माशी बांधलेला राहिला नाही. माझ्या मते आजच्या लघुलेखकाच्या पदाची खरी सुरुवात तेथे आहे.

संस्थानचे स्वतःचे उच्च न्यायालय होते. 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि कोल्हापूरची न्यायव्यवस्था मुंबई उच्च न्यायालयाखाली आली. त्याच सुमारास मोडीचा सरकारी वापर संपत गेला. उमेदीची वर्षे मोडी घोटण्यात घालवलेल्या कारकुनांच्या हातातील हुन्नर अशा रीतीने निकामी झाला, आणि या पदाच्या इतिहासात असे पुन्हा पुन्हा घडलेले दिसते.

लघुलेखन आणि सरकारी वकील या दोन्ही गोष्टी इंग्रजी अमलाबरोबर आल्या. आयझॅक पिटमन यांनी 1837 मध्ये ध्वनीवर आधारलेली लघुलिपी प्रसिद्ध केली. जाड-बारीक रेघा, त्या ओळीच्या वर काढल्या की ओळीवर की ओळ छेदून, यावरून शब्द ओळखायचा, हे तिचे तत्त्व पुढे मराठी लघुलेखनानेही स्वीकारले. 'सरकारी वकील' या पदाची व्याख्या 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आली. त्याच संहितेच्या कलम 80 ने शासनावर दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस सक्तीची केली. शासनाला दाव्याआधी विचार करायला सवड मिळावी, हा त्यामागील हेतू होता. व्यवहारात मात्र ती नोटीस आवक नोंदवहीत चढवणे, संबंधित खात्याकडे पाठवणे आणि उत्तरासाठी खात्याचा पिच्छा पुरवणे ही कामे कचेरीच्या कर्मचाऱ्यांवर येऊन पडली.

फौजदारी बाजूचा इतिहास वेगळा आहे. दंडाधिकाऱ्यांसमोर खटले चालवण्याचे काम पूर्वी पोलीस खात्यातील अभियोक्ते, म्हणजे सरकारपक्षातर्फे खटला चालवणारे वकील, करीत. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने साहाय्यक सरकारी अभियोक्त्यांची तरतूद केली, तरी महाराष्ट्रात त्यांचा पोलीस खात्याशी असलेला संबंध तुटायला वेळ लागला, आणि 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या राज्यातीलच एका प्रकरणात हा संवर्ग पोलिसांपासून स्वतंत्र करण्याचा निर्देश दिला. त्यामुळे आज जिल्ह्याच्या ठिकाणी दोन व्यवस्था शेजारी शेजारी चालतात : दंडाधिकारी न्यायालयांसाठी गृह विभागाच्या अखत्यारीतील अभियोग संचालनालयाचे अभियोक्ते, तर जिल्हा व सत्र न्यायालयासाठी विधी व न्याय विभागाने नेमलेले जिल्हा सरकारी वकील. जिल्हा सरकारी वकिलांची नेमणूक 1984 च्या विधी अधिकारी नियमांनुसार ठरावीक मुदतीसाठी होते. मुदत संपते, सरकार बदलते, वकील बदलतात. कचेरीतील कर्मचारी मात्र तेथेच राहतात. एखाद्या जुन्या भूसंपादन प्रकरणात खात्याने दहा वर्षांपूर्वी कोणते म्हणणे दिले होते, हे नव्या वकिलांना सांगणारा माणूस बहुधा लघुलेखकच असतो.

या कामाचे स्वरूप जवळून पाहिल्याशिवाय त्याचे वजन कळत नाही. लघुलेखकाच्या निम्नश्रेणी पदासाठी लघुलेखनाचा वेग मिनिटाला 100 शब्द, उच्चश्रेणीसाठी 120 शब्द, आणि टंकलेखन मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द, ही पात्रता ठरलेली आहे. गोदरेजने 1955 मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र बाजारात आणले आणि त्यानंतर अनेक दशके कचेऱ्यांत त्याचाच खडखडाट राहिला. पाच कागदांमध्ये चार कार्बन घालून कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेले लेखी उत्तर, टंकलिखित व्हायची : मूळ प्रत न्यायालयाला, दुसरी वादीच्या वकिलांना, तिसरी खात्याला, चौथी ऑफिस कॉपी आणि पाचवी, जिची अक्षरे जेमतेम दिसत, ती अडीनडीला. एक अक्षर चुकले की पाचही प्रतींवर वेगवेगळे खोडून पुन्हा तोच शब्द त्याच जागी आणावा लागे. ज्यांनी ते केले त्यांच्या मसुद्यात आजही अनावश्यक शब्द सापडत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

परंतु टंकलेखन हा या कामाचा दिसणारा भाग झाला. न दिसणारा भाग दिवस मोजण्याचा आहे. दूधगंगा किंवा वारणा प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा वाढीव मोबदला दिवाणी न्यायालयाने मंजूर केला आणि शासनाला अपील करायचे असले, तर उच्च न्यायालयात जाण्यासाठी 90 दिवस मिळतात. त्यातून प्रमाणित नकलेसाठी लागलेला काळ वगळला जातो. म्हणून नक्कल हाती आली की कर्मचारी आधी तिच्यावरचा शिक्का पाहतो : अर्ज केल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, दिल्याची तारीख. त्यावरून शेवटचा दिवस काढून तो फाइलच्या वेष्टनावर लाल शाईने लिहिला जातो. पुढे खात्याचे परिच्छेदनिहाय अभिप्राय, अपील करण्यास मंजुरी, वकीलपत्र आणि शपथपत्रावर अधिकाऱ्याची सही, एवढे सगळे त्या तारखेच्या आत बसवायचे असते. पूर्वी हे बाड बांधून कोणीतरी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला नेत असे.

शासनाची फाइल अनेक टेबलांवरून फिरते, म्हणून विलंब माफ करावा, हे कारण न्यायालये पूर्वी बऱ्यापैकी समजून घेत. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टपाल खात्याच्या एका प्रकरणात 427 दिवसांचा विलंब माफ करण्यास नकार दिला आणि मुदतीचा कायदा शासनालाही सारखाच लागू असल्याचे स्पष्ट केले. त्या निकालानंतर वेष्टनावरच्या लाल तारखेला निराळेच महत्त्व आले. विलंबाचा ठपका खात्यावर किंवा वकिलांवर येतो. वेळेत दाखल झालेल्या अपिलाचे श्रेय तारीख काढणाऱ्याला कधी मिळालेले नाही. ही या पदाची जुनी उपेक्षा आहे आणि ती दूर व्हायला हवी.

संगणक आला, ई-फायलिंग आले, प्रत्येक प्रकरणाला 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळाला. कार्बनची जागा स्कॅनरने घेतली, टंकलेखनयंत्राच्या रेमिंग्टन कळफलकावर शिकलेल्या बोटांना युनिकोड शिकावे लागले. हा बदल कष्टाचा असला तरी कचेऱ्यांनी तो पचवला. त्याहून कठीण प्रसंग 1 जुलै 2024 रोजी आला. त्या दिवशी तिन्ही नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि वर्षानुवर्षे तोंडपाठ असलेली कलमे बदलली. भारतीय दंड संहितेतील खुनाचे 302 भारतीय न्याय संहितेत 103 झाले, एवढ्यावर भागत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेतील अटकपूर्व जामिनाचे जुने कलम 438 तिच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 482 आहे, आणि जुन्या संहितेत 482 म्हणजे गुन्हा रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार होता, जो आता 528 मध्ये गेला आहे. म्हणजे 'कलम 482' एवढेच लिहिलेला अर्ज समोर आला तर तो कोणत्या संहितेखालचा आहे, हे पाहिल्याशिवाय त्यावरील म्हणण्याचा मथळासुद्धा टंकलिखित करता येत नाही. जुन्या तारखेच्या गुन्ह्यांसाठी जुनी भारतीय दंड संहिता अजूनही लागते, त्यामुळे दोन्ही कोष्टके डोक्यात ठेवावी लागतात.

भाषेचा प्रश्न सर्वांत ताजा आहे. राजभाषा अधिनियम 1964 चा असला तरी जिल्हा आणि त्याखालील न्यायालयांच्या कामकाजासाठी मराठीचा आग्रह 21 जुलै 1998 च्या अधिसूचनेनंतर धरला गेला, आणि त्यातून कैफियत, पुरसिस (न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन), दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज), निशाणी (दाखल कागदाचा क्रमांक) या शब्दांवर सहज हात चालणारी मराठी लघुलेखकांची पिढी तयार झाली. उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र संविधानाच्या अनुच्छेद 348 नुसार इंग्रजीतच चालते. आतापर्यंत हे इंग्रजी काम मुंबईत होत असे; आता ते कसबा बावड्यातील जिल्हा न्यायसंकुलापासून थोड्या अंतरावर, याच शहरात होते. इंग्रजी लघुलेखन 120 च्या वेगाने येणारे आणि मराठी अभिलेख न अडखळता वाचणारे उमेदवार या भागात मोजकेच मिळतात, कारण गेल्या पंचवीस वर्षांत येथे इंग्रजी लघुलेखन शिकण्याचे कारणच उरले नव्हते. शासनाने सर्किट बेंचच्या कार्यालयासाठी पदे निर्माण करताना ही दुहेरी गरज वेगळी ओळखावी आणि तिचे प्रशिक्षण येथेच द्यावे, असे मला मनापासून वाटते. एका भाषेचा लघुलेखक आणून त्याच्याकडून दुसऱ्या भाषेचे काम करून घेणे हा त्या माणसावर आणि कामावरही अन्याय आहे.

तूर्त हे काम जमेल तसे चालले आहे. तलाठ्याचा अहवाल, तहसीलदारांचा आदेश, पोलिसांचा पंचनामा मराठीत येतो, त्याचे भाषांतर जोडून इंग्रजी शपथपत्र तयार होते, आणि लघुलेखक ते वाचून दाखवतो तेव्हा 'फेरफार', 'सात-बारा', 'वहिवाट' आणि 'पंचनामा' हे शब्द इंग्रजी वाक्यातही जसेच्या तसे ठेवलेले असतात.