यीस्ट पेशीतील आरएनए-बंधी प्रथिने

जनुकावरून नुकत्याच उतरलेल्या, म्हणजे कच्च्या आरएनएवर बसून त्याची कापणी, जोडणी, शेपूट-बांधणी (टोकाला अॅडेनिनची माळ जोडणे) आणि विल्हेवाट यांचे नियमन करणारी प्रथिने. या विषयातील बरेचसे पायाभूत काम पावाच्या यीस्टवर (सॅकरोमायसीस सेरेव्हिसी) झाले आहे. आरएनए ओळखणारा त्यांचा सर्वांत परिचित भाग सुमारे ९० अमिनो अम्लांचा असून तो आरआरएम (आरएनए रेकग्निशन मोटिफ) म्हणून ओळखला जातो. केएच, जस्त-अंगुली आणि पुफ हे इतर प्रकार होत.

अशी प्रथिने किती, यावर एकमत नाही. अतिनील किरणांनी प्रथिने आरएनएला चिकटवून, आरएनएच्या शेपटीला धरून ती वेगळी काढतात. या रीतीने २०१३ मध्ये १२० प्रथिने नोंदली गेली. २०१५ च्या यादीत ती सुमारे ६८० झाली. नव्या यादीत साखर विघटनाची कित्येक विकरेही आहेत. ती आरएनएला स्पर्श करतात हे मान्य केले, तरी स्पर्श म्हणजे नियमन नव्हे. त्यामुळे मोजक्या, कार्य सिद्ध झालेल्या प्रथिनांपुरते बोलणे अधिक सुरक्षित वाटते.

स्प्लायसिंग म्हणजे कच्च्या आरएनएमधील नको असलेले तुकडे (इंट्रॉन) काढून उरलेले भाग जोडणे. त्यासाठी लागणाऱ्या जनुकांचा शोध यीस्टमध्ये काहीसा आडवाटेने लागला. अमेरिकी संशोधक लेलँड हार्टवेल यांच्या तापमान-संवेदी (तापमान वाढवले की वाढ थांबणाऱ्या) उत्परिवर्ती वाणांमधून १९७० मध्ये दहा जनुके वेगळी करण्यात आली. ती रायबोसोमच्या (प्रथिने बनवणाऱ्या पेशीघटकाच्या) निर्मितीचे नियंत्रण करतात असे तेव्हा मानले गेले आणि त्यांना ‘आरएनए’ हेच नाव मिळाले. १९८० च्या दशकात उलगडा झाला, की त्यांतील अनेकांचे खरे काम इंट्रॉन काढण्याचे आहे. रायबोसोमच्या प्रथिनांच्या जनुकांत इंट्रॉनांची गर्दी असल्याने परिणाम तिथे ठळक दिसला होता. पुढे या जनुकांना ‘पीआरपी’ (प्री-एमआरएनए प्रोसेसिंग) हे नाव रूढ झाले. या यीस्टच्या सुमारे ६,००० जनुकांपैकी जेमतेम ५ टक्क्यांत इंट्रॉन आहेत, पण पेशीतील संदेशक आरएनएपैकी सुमारे चतुर्थांश त्यांच्यापासूनच येतो. केवळ जनुके मोजून स्प्लायसिंगला दुय्यम ठरवणे म्हणूनच चुकीचे ठरते.

नियमनाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण एल-३० या रायबोसोम-प्रथिनाचे आहे. ते गरजेपेक्षा जास्त झाले की स्वतःच्याच कच्च्या आरएनएवर बसते. स्प्लायसिंग यंत्रणेचा यू-१ हा घटक जागेवर येतो, पण त्यानंतर येणाऱ्या यू-२ या घटकाची वाट अडते आणि इंट्रॉन तसाच राहतो. मेर-१ या प्रथिनाचे वर्तन याच्या उलट आहे. ते फक्त अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी तयार होते आणि नॅम-८ या प्रथिनाच्या मदतीने मेर-२ सारख्या आरएनएंतील, एरवी दुर्लक्षित राहणारे इंट्रॉन काढवून घेते.

शेपटीच्या टोकाकडे एचआरपी-१ आणि आरएनए-१५ कापण्याची जागा ओळखतात, तर पॅब-१ आणि नॅब-२ शेपटीची लांबी आटोक्यात ठेवतात. एनआरडी-१ आणि नॅब-३ ही जोडी छोट्या आरएनएंचे प्रतिलेखन (जनुकावरून उतरणे) थांबवून ते एक्झोसोम या आरएनए कुरतडणाऱ्या प्रथिनसंचाकडे सोपवते. तिथे काहींचे टोक नीट छाटले जाते आणि उरलेले पूर्ण नष्ट होतात. एकाच जोडीने घडवणे आणि मोडणे अशी दोन्ही कामे करावीत, हे लक्षणीय आहे.

विभाजक यीस्टमध्ये (शायझोसॅकरोमायसीस पोम्बे) एमएमआय-१ हे प्रथिन अर्धसूत्री विभाजनाचे संदेश एरवी नष्ट करवते. विभाजन सुरू झाले की एमईआय-२ त्यालाच अडकवून ठेवते.

पुण्यात पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह (एनसीआयएम) असून त्यात यीस्टचे वाण जतन केले आहेत. त्यातील यारोविया लिपोलिटिका या आणखी एका यीस्टचा ३५८९ क्रमांकाचा वाण मुंबईजवळच्या तेलप्रदूषित समुद्राच्या पाण्यातून मिळाला. पुणे विद्यापीठात त्याच्यावर झालेले काम मुख्यतः तेलाच्या विघटनाचे आहे. या प्रजातीत इंट्रॉन असलेली जनुके सुमारे १५ टक्के आहेत, म्हणजे पावाच्या यीस्टच्या जवळजवळ तिप्पट. वर दिलेली उदाहरणे तिला जशीच्या तशी लावता येणार नाहीत.