कोर्स संपला, जळजळ राहिली. म्हणून जंतू उरलेच असं नाही

"गोळ्या संपल्या तरी लघवीला आग होतेय. जंतू मेले नाहीत, भारी अँटिबायोटिक द्या." अक्कलकोट रोडच्या आमच्या मेडिकलवर हे नेहमी ऐकू येतं. परवा टॉवेल कारखान्यातल्या एका दादांनी खिशातून तीन रिकाम्या स्ट्रिप काढून काउंटरवर ठेवल्या आणि इकडेतिकडे बघत हेच कुजबुजले.

हा समज चुकीचा आहे. जंतू गेले तरी सूज उतरायला वेळ लागतो. महिनोनमहिने ओटीपोटात, अंडकोषात दुखत राहिलं, तर अनेकदा कारण असतं ओटीपोटाच्या तळाचे आखडलेले स्नायू आणि हळव्या झालेल्या नसा. प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) जुनाट दुखण्यात ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत जंतू सापडत नाहीत. त्यांना स्नायू सैल करणारे व्यायाम, फिजिओथेरपी उपयोगी पडते. (सोलापूरच्या उन्हात पाणी कमी पडून लागलेली उन्हाळी आणखी वेगळी.)

कधी जंतू खरंच उरतो. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम हा शरीरसंबंधातून पसरणारा जंतू साध्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) दिसत नाही, पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) लागते. बायकोवर उपचार झाले नसतील तर लागण परत होते. आणि क्लॅमिडियाची (असाच पसरणारा दुसरा जंतू) पीसीआर उपचार संपल्यापासून ३ आठवड्यांच्या आत केली, तर मेलेल्या जंतूंमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते.

दादांना गोळ्या दिल्या नाहीत; युरॉलॉजिस्टकडे पाठवलं. थंडीताप किंवा लघवीत रक्त असेल तर त्याच दिवशी जा.