कुरिअरच्या चेसीवरचं घर

पुणे-नाशिक रस्त्यावर नुसती चेसी चालवत नेणारे ड्रायव्हर पूर्वी हमखास दिसायचे, आजही अधूनमधून दिसतात. पुढे उघडं इंजिन, मागे दोन लांब पोलादी तुळया, चाकं, स्टिअरिंग आणि कामचलाऊ सीट. डोळ्यांवर गॉगल, तोंडाला गच्च बांधलेला रुमाल. बॉडी बांधणाऱ्याच्या आवारात पोचली की त्या चेसीची कुठे बस होते, कुठे टँकर. अमेरिकेत अशा चेसींपैकी बऱ्याच इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या परिसरात जातात आणि तिथे त्यांच्यावर चक्क घर उभं राहतं. स्वयंपाकघर, न्हाणीघर, पलंग, पाण्याच्या टाक्या, छतावर एसी. हीच मोटरहोम.

घर बांधणारा कारखाना चेसी बनवत नाही, इंजिन तर नाहीच. तिथल्या पेट्रोलवर चालणाऱ्या मोठ्या मोटरहोम जवळपास सगळ्याच फोर्डच्या एफ-५३ या एकाच चेसीवर बांधल्या जातात. या चेसीचं सख्खं भावंड म्हणजे एफ-५९, आणि ते घरोघर पार्सल पोचवणाऱ्या डबा-गाड्यांसाठी असतं. मोटरहोमच्या उद्याचा विचार करताना मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. मोठ्या मोटरहोम वर्षाला काही हजारच विकल्या जातात. एवढ्याशा बाजारासाठी नवं इंजिन घडवणं कुणालाच परवडत नाही. पार्सलवाले, बसवाले, ट्रकवाले जे घेतील, तेच या घरांच्या वाट्याला येतं.

पूर्ण गाडी एकाच कंपनीने बनवण्याचा एक सुंदर प्रयत्न झाला होता. जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात स्वतःची मोटरहोम काढली. तिला सुरुवातीला ओल्ड्समोबाइल टोरोनाडो या मोटारीचं साडेसात लिटरचं इंजिन होतं आणि ताकद पुढच्या चाकांना जायची. मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्टच नसल्यामुळे गाडीतली जमीन कमालीची खाली आणता आली. तेरा हजारांच्या आसपास गाड्या बनल्या. त्यांतल्या बऱ्याच हौशी लोकांनी आजही जिवापाड जपल्या आहेत. पण १९७३ च्या तेलसंकटानंतरची ती वर्षं होती आणि हा प्रयोग तिथेच थांबला. क्रायस्लरची डॉज चेसी त्या काळात बाजारात सर्वत्र दिसायची, तीही दशक संपता संपता गेली. पुढे जनरल मोटर्सने आपला चेसीचा धंदा वर्कहॉर्स या कंपनीला विकला, २००५ मध्ये ती नॅव्हिस्टार या ट्रक कंपनीकडे गेली आणि २०१२ मध्ये बंद पडली. म्हणून आज पेट्रोलच्या मैदानात एकटी फोर्ड उरली आहे.

त्या एफ-५३ मध्ये आता ७.३ लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन येतं. आधी तिथे ६.८ लिटरचं दहा सिलिंडरांचं इंजिन होतं आणि चढावर ते फार ओरडायचं, कारण ताकद मिळवायला त्याला जास्त फेरे घ्यावे लागत. नव्या इंजिनाची रचना मुद्दाम जुन्या वळणाची आहे: ओतीव लोखंडाचा ब्लॉक, झडपा उघडणारा कॅमशाफ्ट डोक्यावर न ठेवता ब्लॉकच्या पोटात, आणि कमी फेऱ्यांनाच भरपूर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. छोटी इंजिनं आणि त्यांत हवा दाबून भरणारे टर्बो यांच्या जमान्यात एवढं मोठं, साधं इंजिन नव्याने घडवलं गेलं, त्यामागे ठोस कारण आहे. जड गाडी तासन् तास ओढायची असेल तर इंजिनावर ताण कमी असलेला बरा.

ताण किती असतो, ते जरा मोजून पाहू. दहा टनांची मोटरहोम घ्या. तिचं तोंड म्हणजे जवळजवळ सपाट भिंत, क्षेत्रफळ साडेआठ चौरस मीटरच्या आसपास. ताशी १०० किलोमीटर वेगाने ती धावते तेव्हा हवा तिला सुमारे २,२०० न्यूटन बलाने मागे ढकलते. टायरांचा विरोध त्या मानाने कमी, साधारण ७०० न्यूटन. म्हणजे सपाट रस्त्यावरसुद्धा दर किलोमीटरला चाकांपाशी ०.८ किलोवॉट-तास (म्हणजे विजेच्या बिलातलं ०.८ युनिट) ऊर्जा लागते. वेग ८० वर आणला की हाच आकडा ०.६ च्या खाली येतो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एका लिटर डिझेलमध्ये अंदाजे १० किलोवॉट-तास ऊर्जा असते आणि त्यातली साडेतीन-चार चाकांपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन जाते. तेव्हा लिटरला चार-पाच किलोमीटर मिळाले तर चालकाने तक्रार करू नये, तो भौतिकशास्त्राचाच हिशेब आहे.

आता घाट. कोलोरॅडोतलं डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरवर आहे. तिथून पश्चिमेला निघालेला महामार्ग ३,४०० मीटर उंचीवरच्या आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढतो आणि बोगद्याच्या आसपास चढ सात टक्क्यांपर्यंत जातो. दहा टन वजन १,८०० मीटर उचलायला, बाकी सगळा विरोध सोडून, ४९ किलोवॉट-तास लागतात. अशा सात टक्क्यांच्या चढावर ताशी ८० चा वेग टिकवायचा तर चाकांपाशी अडीचशेहून अधिक अश्वशक्ती हवी. पण एवढ्या उंचीवर हवा जवळपास तीस टक्क्यांनी विरळ झालेली असते. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन जेवढी हवा आत घेईल तेवढंच इंधन जाळू शकतं, म्हणून कागदावरची ३३५ अश्वशक्ती तिथे २३० च्या आसपास येते. गाडी मंदावते आणि उजवीकडच्या, म्हणजे तिथल्या संथ लेनमध्ये ट्रकांच्या रांगेला लागते. टर्बो डिझेल हवा दाबून भरतं, त्याचं नुकसान फार कमी होतं. विजेच्या मोटरला तर हवेशी देणंघेणंच नाही.

मोठ्या आणि महागड्या मोटरहोममध्ये म्हणूनच डिझेल इंजिन असतं, तेही मागे. त्यांच्या चेसी प्रामुख्याने फ्रेटलायनर आणि स्पार्टन या कंपन्यांकडून येतात, इंजिन बहुतेक वेळा कमिन्सचं. पुण्याच्या कोथरूडमध्ये १९६२ पासून आपण जिला ओळखतो, तीच ही कंपनी. या इंजिनांची खरी अडचण इंजिनात नसून त्याच्या धुरात आहे. सिलिंडरमधल्या प्रचंड उष्णतेत हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. ते फुप्फुसांना घातक असतात. अमेरिकेत २०१० पासून त्यांच्यावर युरियाचा उपाय सक्तीचा झाल्यासारखाच आहे. ३२.५ टक्के युरियाचं द्रावण गरम धुरात फवारलं की अमोनिया बनतो आणि तो या ऑक्साइडांचं पुन्हा निरुपद्रवी नायट्रोजन आणि पाणी करतो. विज्ञान म्हणून हा उपाय देखणा आहे आणि रोज धावणाऱ्या ट्रकमध्ये तो चांगला चालतोही.

मोटरहोम मात्र रोज धावत नाही. ती चार महिने अंगणात उभी असते आणि मग एकदम हजार किलोमीटर निघते. उन्हाळ्यात टाकीतलं द्रावण हळूहळू बिघडतं. काजळीच्या गाळणीला स्वतःला साफ करायला दीर्घकाळ गरम धूर लागतो, तो मिळत नाही. टाकीतला एखादा सेन्सर गेला तर संगणक समजतो की युरिया संपला, आणि गाडीचा वेग शेवटी ताशी ८ किलोमीटरवर आणून ठेवू शकतो. २०२१ मध्ये सेन्सरच्या चिपचा तुटवडा पडला तेव्हा अनेक कुटुंबांची घरं अशीच जागच्या जागी अडकली. अखेर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या बदलाला वाट करून दिली. २०२७ च्या मॉडेलपासूनचा मंजूर नियम आणखी कडक आहे. नायट्रोजन ऑक्साइडांसाठी जुन्या ०.२ ग्रॅमच्या मर्यादेऐवजी अश्वशक्ती-तासाला ०.०३५ ग्रॅम. हवेसाठी हे योग्यच आहे. पण उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी वेगळा विचार कुणी केलेला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कॅलिफोर्नियाने आणखी पुढचं पाऊल टाकलं होतं. जड गाड्या विकणाऱ्या कंपन्यांनी त्यांतला ठरावीक आणि दरवर्षी वाढता हिस्सा धूरविरहित विकावा, असा नियम २०२० मध्ये तिथे झाला आणि २०२४ च्या मॉडेलपासून लागू झाला. न्यूयॉर्क, ओरेगॉन यांसारख्या राज्यांनीही तो उचलला. बंधन चेसी बनवणाऱ्यावर होतं, झळ मात्र घर बांधणाऱ्याला लागली, कारण त्याला घ्यायला विजेची चेसी बाजारात जवळपास नव्हतीच. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने असा वेगळा नियम करायला कॅलिफोर्नियाला दिलेली मुभा रद्द केली आणि राज्यांनी न्यायालयात धाव घेतली. असा हेलकावणारा कायदा चेसी कंपनीला सर्वांत त्रासदायक असतो. नव्या चेसीचा खर्च भरून निघायला दहा-पंधरा वर्षं लागतात.

मग विजेवरची मोटरहोम का नको? विनेबागो कंपनीने २०२२ मध्ये विजेवर चालेल अशी बदललेल्या फोर्ड ट्रान्झिट व्हॅनवर नमुना बांधला. बॅटरी ८६ किलोवॉट-तासांची, पल्ला सुमारे २०० किलोमीटर. पार्सल वाटणाऱ्याला हा पल्ला पुरतो, तो संध्याकाळी डेपोत परततो. घर घेऊन निघालेल्याला पुरत नाही. बॅटरी मोठी करायची म्हटलं तर वजन आडवं येतं. १०० किलोवॉट-तासांच्या बॅटरीचं वजन सहा-सातशे किलो भरतं.

मला जास्त आशा वाटते ती दोन्हींच्या मिश्रणाकडून. थॉर या मोटरहोम बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने कॅलिफोर्नियातल्या हार्बिंजर या नव्या चेसी-कंपनीला बरोबर घेऊन २०२४ मध्ये अशी गाडी दाखवली. चाकं फक्त विजेच्या मोटरने फिरतात. बॅटरी १४० किलोवॉट-तासांची आहे आणि सोबत एक छोटं पेट्रोल इंजिन आहे. त्याचा चाकांशी संबंध नाही, ते फक्त वीज बनवतं. कंपनीचा अंदाज एकूण ८०० किलोमीटरचा. वरच्याच हिशेबाने नुसत्या बॅटरीवर दीडशे-एक किलोमीटर निघतात, म्हणजे जेमतेम ३५ लिटर डिझेलचं काम. पण घाटात मोठी ताकद बॅटरी देते, म्हणून इंजिन लहान असलं तरी भागतं. त्याला कमी-जास्त फेऱ्यांची दगदग नाही, ते आपल्या सोयीच्या एकाच गतीला चालू राहतं. उतारावर ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाणाऱ्या ऊर्जेचा बराच भाग परत बॅटरीत जातो. मुक्कामाला पोचल्यावर तीच बॅटरी एसी आणि शेगडी चालवते, जनरेटरची घरघर नको. हार्बिंजरची चेसीही मुळात पार्सलच्या गाड्यांसाठीच आखलेली आहे, हे इथे विसरून चालणार नाही.

युरोपचा मार्ग निराळा. तिथे फियाट डुकाटो या व्हॅनवर बऱ्याच मोटरहोम बांधल्या जातात. ताकद पुढच्या चाकांना असल्यामुळे केबिनच्या मागची चेसी कापून तिथे अल-को कंपनीची हलकी, खाली बसणारी फ्रेम जोडता येते. जनरल मोटर्सच्या त्या जुन्या गाडीतली युक्ती इथे रोजच्या वापरात आहे. पण नेहमीच्या मोटारीच्या लायसन्सवर सहसा साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते, आणि बॅटरीचे सातशे किलो त्यात बसवले की माणसं, पाणी आणि सामानासाठी फारच थोडं उरतं. म्हणून तिथे डिझेल अजून बरीच वर्षं टिकेल असं दिसतं.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्यांपैकी अनेक आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलरवर बांधल्या जातात. त्या ट्रॅव्हलरची वंशावळ मर्सिडीजच्या जुन्या व्हॅनपर्यंत जाते. इथेही चेसी प्रवासी वाहतुकीसाठी आणि रुग्णवाहिकांसाठी आधी बनते, घर नंतर चढतं.

अमेरिकेच्या बाजूने एक गोष्ट आजच तयार आहे. तिथल्या मोठ्या कॅम्पच्या जागांवर मोटरहोमसाठी ५० अँपिअरची जोडणी असते, म्हणजे १२ किलोवॉट. रात्री आठला लावलेली १४० किलोवॉट-तासांची रिकामी बॅटरीसुद्धा सकाळी आठपर्यंत जवळपास भरते. रस्त्यावरची चार्जिंगची केंद्रं मात्र मोटारींच्या मापाची आहेत. अकरा मीटर लांब घर, मागे जोडून ओढत आणलेली मोटार, आणि ते वळवायला जागा नाही. ती जागा डिझेलच्या पंपांवर आहे, आणि मोठे विजेचे ट्रक आले तर त्यांच्यासाठी चार्जरही तिथेच बसतील.